गेटवर वय विचारा, पण प्रेसला गार्डही लावा

मा. खासदार श्रीरंगआप्पा बारणे आणि
मा. खासदार डॉ. अमोल कोल्हे यांना,



एकच पत्र दोघांना लिहितो आहे, कारण आमचा पट्टा तुम्हा दोघांत वाटला गेला आहे. पिंपरी, चिंचवड, तळेगाव मावळात. भोसरी, चाकण, महाळुंगे शिरूरमध्ये. काळेवाडीत खोली आणि चाकणला नोकरी असलेल्या माणसाला मतदारसंघांची ही रेघ पाच वर्षांतून एकदाच भेटते. पोलिसांनीही ती मानलेली नाही. १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेले पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय निगडीपासून चाकणपर्यंत एकच आहे. शिवाय तुमच्यापैकी एक सत्तेच्या बाकावर, एक विरोधात. संसदरत्न पुरस्कार दोघांनाही मिळालेला, म्हणजे सभागृहात प्रश्न विचारायची सवय दोघांनाही आहे. मला हवे आहे ते तेवढेच.

विषय मुलांचा आणि सोशल मीडियाचा. ठराविक वयाखालच्या मुलांना तो बंद करावा का आणि करायचा तर कसा, याची चर्चा आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. हे काम नगरसेवकाचे नाही आणि सरपंचाचेही नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी घालावी अशी याचिका एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने ती ऐकली नाही. हा धोरणाचा प्रश्न आहे, कायदा संसदेकडून करून घ्या, असे सांगितले. म्हणून तुमच्या दारात आलो.

माझी ओळख एवढीच की सगळी नोकरी या पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून झाली. प्रेस शॉप, फोर्जिंग, पेंट शॉप सगळे पाहिले. संगणकातले मला फार कळत नाही. पण माणूस आणि यंत्र समोरासमोर आले, यंत्र मालकाच्या फायद्यासाठी चालते आहे आणि माणूस कोवळा आहे, अशा वेळी कायद्याने काय करायचे असते, हे मला थोडेफार कळते. त्या अनुभवातून लिहितो.

जुलै २०२४ मध्ये किवळ्यात दहावीतल्या एका मुलाने आयुष्य संपवले. त्याच्या वहीत ऑनलाइन खेळाचे आराखडे सापडल्याच्या बातम्या आल्या. एका मृत्यूचा दोष एका खेळावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही, असे मृत्यू इतके सरळ नसतात. आणि त्या आईवडिलांच्या दुःखावर बाहेरच्यांनी तर्क लढवू नयेत. मला खटकले ते वेगळेच. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो तो एकच वाक्य पुढे पाठवत होता: पालकांनी लक्ष द्यावे. हे वाक्य मी नोकरीभर वाचले आहे, फक्त शब्द वेगळे होते. प्रेसखाली कुणाची बोटे गेली की अपघाताच्या अहवालात कारणाच्या रकान्यात पहिली ओळ ठरलेली असायची, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. ती ओळ लिहिली की डाय कुणी बसवली, गार्ड कुणी काढून ठेवला, पाळीत किती नग मागितले होते, हे विचारायची गरज उरत नाही.

पालकांनी लक्ष द्यावे, हे ठीक. कोणत्या पालकांनी? प्राधिकरणातल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आईवडील रात्री नऊनंतर राउटर बंद करू शकतात, मुलाशी बोलू शकतात, गरज पडली तर समुपदेशकाकडे नेऊ शकतात. आता महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडीकडे या. गाववाल्यांनी बांधलेल्या खोल्यांची रांग, वर पत्रा, बाहेर सामाईक नळ. बाप नांदेडचा, बीडचा, लातूरचा, नाहीतर बिहार-उत्तर प्रदेशचा. कंत्राटी, त्यामुळे ओव्हरटाइम नाकारायची सोय नाही. या आठवड्यात फर्स्टला, पुढच्या आठवड्यात सेकंडला, नंतर नाइटला. आई कुठे वायरिंगच्या लाइनवर, कुठे पॅकिंगला, कुठे कंपनीच्या कँटीनमध्ये. सुटल्यावर तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी तुम्हाला मी काय सांगावी. तिच्यावर तुम्ही दोघेही अनेकदा बोलला आहात. त्या कोंडीत जो तास जातो, तो घरातल्या मुलाच्या वाट्याचा असतो हे मात्र रस्त्याच्या कुठल्या प्रकल्प अहवालात लिहिलेले नसते.

त्यात आमची सुट्टी गुरुवारची. पिंपरी-भोसरी एमआयडीसीत बहुतेक वर्कशॉप गुरुवारी बंद असतात, रविवारी सुरू. शाळा रविवारी बंद, गुरुवारी सुरू. म्हणजे हजारो घरांत आईबापांची सुट्टी आणि मुलांची सुट्टी एकमेकींना भेटतच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती शतकभराने आमच्याकडे येताना विजेच्या सोयीसाठी गुरुवारवर सरकली. रविवारी त्या खोलीत मूल असते, धाकटे भावंड असते आणि बापाने नवा घेतल्यावर घरात ठेवलेला जुना फोन असतो. खेळायला मैदान नाही. जिथे होते तिथे आता गोदाम आहे किंवा ट्रकांचे पार्किंग. फोन काढून घेतला तर त्या मुलाने दिवसभर करायचे काय, याचे उत्तर 'लक्ष द्या' म्हणणाऱ्यांपैकी कुणी दिलेले मी ऐकले नाही.

'असर' या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली १४ ते १६ वर्षांची ८२ टक्क्यांहून जास्त मुले स्मार्टफोन वापरता येतो असे म्हणाली. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. यात मला धक्का बसण्यासारखे काही वाटले नाही. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खासगी कसे करायचे हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते, ते वाचून मात्र थांबलो. राहिलेली मुले म्हणजे गार्ड कुठे आहे हे न सांगता यंत्रावर उभे केलेले हेल्पर.

आता कायद्याचे बोलू. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स वगैरेंवर खाते ठेवायला बंदी केली. त्यातली दोन कलमे मला आवडली. खाते सापडले तर मुलाला शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आणि ते पाहायला नेमलेला आयुक्त आहे. पहिल्या काही आठवड्यांत सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. पळवाटा काढणारी मुले तिथेही आहेत. ती असणारच. मी सोळा वर्षांचा असताना तंबूच्या मागून शिरून सिनेमे पाहिले आहेत.

आपला कायदा कागदावर ऑस्ट्रेलियाहून कडक आहे, हे फार लोकांच्या लक्षात आलेले नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. तिची माहिती हाताळायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. नियम मोडला तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुलांविषयीच्या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. ऐकायला उत्तम. पण गेटवर बसवलेला हा रखवालदार नक्की काय विचारतो ते पाहा. मुलाने 'मी मूल आहे' असे सांगितले, तरच पुढे पालक कोण, तो खरोखर सज्ञान आहे का, हे तपासायचे. मुलाने जन्मसाल १९९८ टाकले की विषय संपला.

समजा, मूल प्रामाणिक निघाले. मग संमती मागायची कुणाकडे? सिम बापाच्या नावावर, फोन मुलाच्या हातात. आईचे 'लाडकी बहीण'चे ई-केवायसी कुणी केले? रेशनचे कुणी केले? बँकेचा मेसेज कोण वाचून दाखवतो? घरातला आठवी-नववीतला मुलगा नाहीतर मुलगी. पालकाच्या संमतीचा ओटीपी ज्याच्यासाठी येणार, तोच तो आईला वाचून दाखवणार, आणि बहुधा तोच भरणार. यात मुलाची लबाडी शोधू नका. घराचा कारभार आपण त्याच्यावर सोपवला आहे, आणि कारभाऱ्याला परवानगी कोण नाकारणार?

म्हणून मी तुम्हाला जुन्या कायद्याकडे घेऊन जातो. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, सात ते बाराच्या मुलांना दिवसाला नऊ तास. आज ते वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी गिरणीमालकांना एवढेही जाचक वाटले. मँचेस्टरवाल्यांना आपली स्पर्धा मोडायची आहे, असा आरोप झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. हेतू भेसळीचा असला तरी मुले सुटली, हे मात्र खरे. शंभराहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो कायदाच लागू नव्हता. लोखंड्यांनी १८८४ साली साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले, नंतर कमिशन बसले, आणि १८९१ च्या कायद्याने सातचे नऊ झाले, नवापासून चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला १८८१ च्या कायद्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वयाची अट आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायची सक्ती, या दोन्ही एकाच कायद्यात, एकाच वेळी आल्या. मुलाला गेटवर अडवा एवढेच म्हणून तो कायदा थांबला नाही. गेट चुकवून कुणी आत आलाच, किंवा आत असलेला मोठा माणूसही थकून चुकलाच, तर यंत्राने त्याचा हात खाता कामा नये, हीदेखील त्याने मालकाची जबाबदारी ठरवली.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने हे आणखी पक्के केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, पण माझी पिढी त्याच्यावरच वाढली. चौदा वर्षांखालच्या मुलाला मज्जाव. चौदा पूर्ण पण पंधरा न झालेल्याला डॉक्टरचा दाखला असेल तरच काम, तेही दिवसाला साडेचार तास; रात्री अजिबात नाही. फिरत्या यंत्राला कुंपण घालायचे ते मालकाने. आणि यंत्र बनवून विकणाऱ्याने आधीच झाकणासकट विकायचे, नाहीतर गुन्हा त्याच्यावरही. मला सर्वात आवडते ते कलम १०४. कामावर दिसणारा पोरगा न्यायालयाला वरवर पाहता वयाने लहान वाटला, तर तो लहान नाही हे सिद्ध करायचे मालकाने. त्याने मला वय खोटे सांगितले, एवढे म्हणून मालक सुटत नसे.

हीच मागणी घेऊन मी आलो आहे. वयाची अट हवीच, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. अठरा की सोळा यावर तुम्ही सभागृहात भांडा, मला सोळा पुरे वाटतात. पण अट मोडल्याचा भार मुलावर किंवा आईवर पडता कामा नये. ज्या कंपनीला मी काय पाहतो त्यावरून मला कुठली चप्पल हवी ते कळते, तिला आपल्या पडद्यापुढे बारा वर्षांचे पोर बसले आहे हे कळत नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. शाळेच्या वेळा, मित्रांची वये, टाइप करायची पद्धत, दहावीच्या वेळापत्रकावरचे रील, सगळे तिच्याकडे आहे. वय ओळखण्याचे ओझे तिचे.

इथे डॉक्टरसाहेब एक शंका काढतील आणि ती रास्त असेल. मग काय प्रत्येकाने आधार दाखवून फेसबुक उघडायचे? नको. मुलांच्या नावाखाली देशातल्या प्रत्येकाची ओळखपत्रे परदेशी कंपन्यांच्या हाती गेली, तर आगीतून निघून फुफाट्यात. चेहऱ्यावरून वय सांगणारी यंत्रणा आता आली आहे. ऑस्ट्रेलियात ती वापरतात. मला ती पाहून एडविन साँडर्स नावाच्या इंग्रज दंतवैद्याची आठवण होते. १८३७ साली त्याने पार्लमेंटला पुस्तिका लिहून दिली की कारखान्यातल्या मुलांचे वय उंचीवरून ठरवू नका, दात मोजा. आईबाप खोटे बोलतात, दात बोलत नाहीत. दात उंचीपेक्षा खरेच बरे निघाले, पण त्यातही मुले एखाद्या वर्षाने इकडेतिकडे व्हायचीच. चेहरा पाहणारे यंत्रही पंधरा आणि सतराच्या मध्ये असेच अडखळते. गेटवरची तपासणी कधीच पूर्ण पक्की होत नसते. म्हणूनच आतल्या यंत्राला गार्ड लागतो.

पॉवर प्रेसला आम्ही दोन बटने देतो, दोन्ही हात बटनांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. लाइट कर्टन लावतो, मध्ये बोट आले की रॅम जागीच थांबतो. त्यात कामगारावर अविश्वास नाही. आठ तासांनंतर कुणाचेही लक्ष उडते, हे आम्ही गृहीत धरतो. मुलांच्या बाबतीत लाइट कर्टन म्हणजे काय? एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू न होणे. पडदा कधीच न संपण्याऐवजी कुठेतरी संपणे. रात्री दहानंतर फोन न वाजणे. अनोळखी मोठ्या माणसाचा निरोप मुलापर्यंत न पोचणे. हे करता येते, हे कंपन्यांनीच दाखवून दिले आहे. इन्स्टाग्रामने भारतात फेब्रुवारी २०२५ पासून किशोरांसाठी वेगळी खाती सुरू केली, त्यात यातले काही आहे. म्हणजे गार्ड गोदामात पडून आहे. तो फक्त खरे वय सांगणाऱ्या मुलालाच मिळतो, आणि खोटे सांगायला एक बोट पुरते.

गार्ड काढून का ठेवतात, हे मी भोसरीच्या वर्कशॉपांत खूप पाहिले आहे. गार्ड असला की स्ट्रोक कमी पडतात, प्रॉडक्शन उतरते. इथे प्रॉडक्शन म्हणजे मुलाने पडद्यावर घालवलेली मिनिटे. ती ज्याच्या ताळेबंदात जमा होतात, तो आपणहून गार्ड लावेल अशी आशा धरणे भाबडेपणाचे आहे. आणि ज्यांना आपल्या मालाची काळजी असते त्यांना सगळे जमते! चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर जा, आत जाताना तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो, बाहेर पडताना तो जागेवर आहे का ते तपासतात. नव्या गाडीचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून एवढी दक्षता.

आपल्या कायद्यातच एक ओळ आहे, तिच्याकडे तुमचे लक्ष वेधतो. त्याच २०२३ च्या कायद्याचे नववे कलम म्हणते की मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायची नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायच्या नाहीत. आता सांगा, रीलची न संपणारी रांग चालते कशावर? मुलाने कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबून पाहिले, यावरच ना? म्हणजे कायदा अक्षरशः पाळला तर अठरा वर्षांखालच्या मुलासाठी हे यंत्र आजच्या रूपात चालूच शकत नाही. लोकसभेत माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना एवढाच प्रश्न विचारा: मे २०२७ नंतर मुलांच्या खात्यांवर त्यांच्या वर्तनावरून निवडलेला मजकूर दाखवणे हे पाळत ठेवणे धरले जाईल की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर मागा. 'विषय विचाराधीन आहे' हे उत्तर आले तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारा.

पोलिसांविषयीही थोडे बोलतो. कोयता हातात घेऊन रील टाकणाऱ्यांवर आपल्या आयुक्तालयाने अनेकदा कारवाई केली, आणि त्यात अठराखालची मुलेही सापडतात. पोलिसांच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक. कोयता हातात घेणाऱ्याला सोडा असे मी म्हणत नाही. पण ते रील एका रात्रीत पन्नास हजार मुलांपुढे कुणी नेऊन ठेवले? भाईगिरीचा एक व्हिडिओ पाहणाऱ्याला पुढचे दहा कुणी वाढले? पोरगा बालन्याय मंडळापुढे उभा राहतो, त्याची आई कामाचा खाडा करून बाहेर बसते. ज्या यंत्राने रील पसरवले, त्याच्या मालकाला साधी नोटीस गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कारखान्यात स्फोट झाला की आम्ही फक्त काडी ओढणाऱ्याला धरत नाही, सिलिंडर तिथे कुणी ठेवले हेही विचारतो.

मुलींच्या बाबतीत बंदीचा उलटा धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळेचा फोटो उचलून त्याचे घाणेरडे चित्र बनवायला आता फोनवरच साधने मिळतात. अशा चित्रावरून मुलीला धमकावले गेले तर ती घरी सांगेल? सांगितले की पहिली गोष्ट म्हणजे फोन जातो. दुसरी, शाळा. तिसरी, गावाकडून स्थळ येते. उद्या 'सोळा वर्षांखाली खाते म्हणजे गुन्हा' असा समज घरोघरी झाला, तर ती कुणालाच सांगणार नाही, कारण मुळात खाते उघडण्याचा गुन्हा तिचाच ठरेल. म्हणून ऑस्ट्रेलियाचे ते कलम, मुलाला आणि पालकाला शिक्षा नाही, आपल्या कायद्यात ठळक अक्षरांत हवे आणि शाळेच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले हवे. तक्रार कशीही केली, खोट्या वयाच्या खात्यावरून केली तरी ती घेतली पाहिजे. अशी चित्रे तक्रारीनंतर २४ तासांत काढायची मुदत २०२१ च्याच नियमांत घातली गेली होती. निघोज्याच्या नववीतल्या मुलीने ती तक्रार कुठल्या भाषेत, कुठल्या बटनावर करायची, तेवढे कुणी तिला सांगितलेले नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तरी प्रत्येक खोल्यांच्या रांगेत, नळाजवळ लावा. त्याला कायदा लागत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचे उदाहरण मला लोक नेहमी देतात. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे गप्पांना. मला त्या गावाचा आदर आहे, कारण नियम मुलांपुरता ठेवला नाही, मोठ्यांनीही फोन ठेवले. पण ते गाव आहे. संध्याकाळी सातला तिथे माणसे घरी असतात. आमच्या पट्ट्यात सातला सेकंड शिफ्ट भरात असते. आमचा भोंगा माणसांना घरात बोलावत नाही, घराबाहेर काढतो. तेव्हा गावाच्या एकमताने जे वडगावात झाले, ते इथे कायद्याने आणि कंपन्यांच्या पैशाने करावे लागेल.

पैशाचे म्हणाल तर तुम्हा प्रत्येकाला वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी आहे, आणि या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीत प्रत्येकी एक मैदान आणि रविवारी दिवसभर उघडी राहणारी एक अभ्यासिका, तिथे पगारी ताई. उद्घाटनाची कोनशिला लहान बसवा, चालेल. मुलांच्या हातातून फोन घ्यायचा असेल तर त्या हातात आधी दुसरे काही ठेवावे लागते.

विरोधी बाकावरून खासगी विधेयक आणा असे डॉक्टरसाहेबांना म्हणणार होतो, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संमत झालेले नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी आणा. मालिकांतून घराघरांत गेलेला माणूस पडद्याच्या ओढीविषयी बोलला, तर लोक ऐकतात. आणि आप्पा, सत्तेच्या बाजूने तुम्ही मंत्र्यांना भेटून एवढेच मागा की या कायद्याला तपासणी करणारा माणूस द्या. त्यात जे डेटा संरक्षण मंडळ ठरले आहे ते तक्रार आल्यावर ऐकणार. कारखान्यांना 'डिश'चा, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक होता, तो न सांगता येऊन गार्ड लावला आहे का ते हाताने हलवून पाहू शकायचा. तो पुरेसा येत नव्हता, हे खरे. पण तो येईल या धाकाने कितीतरी गार्ड जागेवर राहिले. सोशल मीडियाच्या यंत्रात मुलाचे खाते उघडून काय काय समोर येते ते पाहण्याचा अधिकार असलेला एकही सरकारी माणूस आज मला दिसत नाही.

कायद्याचा मसुदा होण्याआधी तुम्ही दोघांनी इथल्या आईबापांशी एकदा बोलावे, अशी विनंती आहे. जागा महाळुंग्यातली कुठलीही शाळा चालेल, मी खुर्च्या लावायला येईन. फक्त सभा रविवारी ठेवू नका. रविवारी तुम्हाला फक्त मुले भेटतील. भोसरी-पिंपरीवाल्यांसाठी गुरुवार धरा. चाकणच्या ज्या कंपन्यांची सुट्टी वेगळ्या वारी असते, त्यांच्यासाठी दुसरी बैठक संध्याकाळी शिफ्ट सुटताना गेटवरच घ्या, पंधरा मिनिटांची. आणि दोन्ही ठिकाणी भाषण करू नका, फोन कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या हातात असतो, एवढेच प्रत्येकाला विचारा.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
निगडी प्राधिकरण